कावीळ, वनौषधी आणि पुरावा : वसई परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर व अभयारण्य, पश्चिमेस अरबी समुद्र आणि या दोहोंच्या मध्ये बागायती वाड्या, बावखळे, भातखाचरे व रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांस वाढलेली दाट नागरी वस्ती, असे वसई तालुक्याचे आजचे स्वरूप आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा तालुका नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. प्रशासनाची चौकट बदलली, लोकवस्तीचे स्वरूप पालटले. परंतु काविळीवर झाडपाल्याचे औषध घ्यावे, हा सल्ला आदिवासी पाड्यावर, वाडीत आणि गृहसंकुलात आजही सारख्याच सहजतेने दिला जातो. मोडलेल्या हाडासाठी किंवा न उतरणाऱ्या तापासाठी डॉक्टरांकडे जाणारा सुशिक्षित माणूसही डोळे पिवळे झाले की 'गावठी औषध' कोठे मिळते याची चौकशी करू लागतो. 'काविळीवर डॉक्टरांकडे औषध नसते' हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलेले असते.

भुईआवळी, गुळवेल, पुनर्नवा, माका, ओले किराईत, कोरफड, एरंडाचे पान अशी या उपचारांतील वनस्पतींची यादी मोठी आहे. महाविद्यालयीन नियतकालिकांतून, परिसंवादांच्या स्मरणिकांतून आणि प्रकल्प-अहवालांतून ती वारंवार प्रसिद्धही होत असते. अशा लेखनाचा शेवट बहुधा एका ठराविक विधानाने होतो : या वनस्पतींच्या यकृतरक्षक गुणांना आधुनिक विज्ञानानेही दुजोरा दिला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हे विधानच आहे. हा दुजोरा नेमका कशाला मिळाला, कोणत्या प्रयोगातून मिळाला आणि रुग्णाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याची चिकित्सा येथे केली आहे. परंपरेचा उपहास करणे हा येथील हेतू नाही. कोणती कावीळ हा प्रश्न विचारल्याशिवाय परंपरागत उपचार सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही, एवढेच प्रतिपादन करावयाचे आहे.

एक शब्द, अनेक रोग

कावीळ हे रोगाचे नाव नसून लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन हे पित्तरंजक द्रव्य वाढले की डोळे, त्वचा व लघवी पिवळी दिसते. ते वाढण्याची कारणे मात्र परस्परांहून अगदी भिन्न असतात. दूषित पाण्यावाटे पसरणारे हिपॅटायटिस 'ए' व 'ई' हे विषाणू, रक्तावाटे पसरणारे 'बी' व 'सी', मद्यपान, औषधांचा दुष्परिणाम, पित्तनलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाचा अर्बुद, लेप्टोस्पायरोसिस, तसेच तांबड्या रक्तपेशी फुटण्याचे विकार या सर्वांचे बाह्य चिन्ह एकच असू शकते.

वसई परिसरात ही भिन्नता केवळ पुस्तकी नाही. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा व विरार येथील वस्त्या काही दिवस पाण्याखाली होत्या. अशा पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्यालाही तो असतो. या रोगाच्या तीव्र प्रकारात कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. मात्र वेळीच दिलेली प्रतिजैविके गुणकारी ठरतात. जिल्ह्याच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात रक्तपेशी फुटल्यामुळे डोळे वारंवार पिवळे होतात व यकृत मुळात निरोगी असू शकते. अशा मुलाला दरवर्षी काविळीचे औषध पाजले गेले, तर त्याचा खरा रोग वर्षानुवर्षे अज्ञात राहतो.

याउलट हिपॅटायटिस 'ए' व 'ई' यांतील बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. या दोन प्रकारांच्या तीव्र अवस्थेत सामान्य रुग्णाला विश्रांती, आहार व देखरेख यापलीकडे विशेष उपचार लागत नाही. 'डॉक्टरांकडे औषध नसते' या समजुतीचा उगम येथे आहे. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची प्रचंड साथ आली व सुमारे २९ हजार लोक आजारी पडले. ती साथ 'ई' विषाणूची होती, हे पुढे साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून उघड झाले. त्या साथीतील बहुसंख्य रुग्ण विशिष्ट औषधाविना बरे झाले. अशा रोगात जे औषध द्यावे ते यशस्वी ठरते. तीन दिवस अनशापोटी रस घेतलेला रुग्ण महिन्याभरात बरा होतो आणि यशाचे श्रेय रसाला मिळते. रस न घेता बरा झालेला शेजारी मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

तथापि 'ई' विषाणूचीही एक भीषण बाजू आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत हा संसर्ग झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे जी कावीळ पतीला महिनाभर थकवते तीच गरोदर पत्नीचा जीव घेऊ शकते. दोघांनाही एकाच वाटीतील रस देणारी पद्धत हा भेद ओळखत नाही. प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

ग्रंथोक्त परंपरेतील विवेक

हा भेद करण्याची दृष्टी केवळ पाश्चात्त्य वैद्यकाची आहे, असे मानण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात पांडुरोगाबरोबर कामलेचा विचार आला असून तेथे तिचे प्रकार पाडले आहेत. पित्त अत्यधिक वाढल्याने होणारी कोष्ठाश्रित कामला वेगळी आणि कफाने मार्ग रोधला गेल्याने होणारी शाखाश्रित कामला वेगळी. दुसऱ्या प्रकारात मलाचा रंग तिळाच्या वाटलेल्या गोळ्यासारखा पांढुरका होतो, असे निरीक्षण त्यात नोंदवले आहे. पित्तनलिका बंद झाल्यास पित्त आतड्यात न पोहोचल्यामुळे मल फिका होतो, हे आजचा शल्यचिकित्सकही रुग्णाला प्रथम विचारतो. दोन्ही प्रकारांची चिकित्साही ग्रंथात भिन्न सांगितली आहे. पहिल्यात विरेचन प्रमुख, तर दुसऱ्यात आधी रोध दूर करण्याचा विचार.

तात्पर्य, मूळ परंपरा निदानाशिवाय औषध देत नव्हती. परंपरेच्या नावाने आज चालणाऱ्या व्यवहारात मात्र निदान गळून पडले आहे आणि केवळ वनस्पतीचे नाव शिल्लक राहिले आहे. 'कावीळ - भुईआवळी - रस - तीन दिवस' असा त्रोटक कोष्टकी मजकूर हे चरकाच्या विचाराचे सातत्य नव्हे. तो त्याचा ऱ्हास आहे. आधुनिक पद्धतीचे अभिमानी आणि परंपरेचे अभिमानी या दोघांनीही या मुद्द्याकडे दुर्लक्ष केलेले दिसते.

भुईआवळी : एका आशेचा प्रवास

पावसाळ्यात वाडीच्या कडेला, कुंडीत, फरशीच्या फटीतही उगवणारी भुईआवळी ही या विषयातील सर्वाधिक चर्चिली गेलेली वनस्पती होय. १९८७ साली बरूच ब्लुमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गातील वनस्पतीच्या अर्काचा हिपॅटायटिस 'बी'शी नाते असलेल्या, वुडचक या प्राण्यातील विषाणूवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. ब्लुमबर्ग हे 'बी' विषाणूच्या शोधासाठी १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ असल्यामुळे या संशोधनाकडे जगाचे लक्ष गेले. पुढच्याच वर्षी मद्रासचे डॉ. एस. पी. त्यागराजन व सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'बी' विषाणूच्या वाहकांवरील प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. ३० दिवस फिलँथस अमारसचे चूर्ण घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठप्रतिजन नाहीसा झाला. निरौषध गोळी घेतलेल्या २३ जणांपैकी तो केवळ एकाच्या रक्तातून गेला. म्हणजे ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के.

हे आकडे आजही आपल्याकडील लेखांतून उद्धृत केले जातात. परंतु कथा येथे संपत नाही. १९९० साली थायलंडमधील संशोधकांनी असाच प्रयोग केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. अन्य देशांतील प्रयत्नांनाही मूळ यशाची पुनरावृत्ती करता आली नाही. २०११ च्या कॉक्रेन समीक्षेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासून, निरौषध गोळीच्या तुलनेत फिलँथसचा लाभ खात्रीने सांगता येत नाही, असा निष्कर्ष काढला. मूळ अभ्यास लहान होता, स्वतःस प्राथमिक म्हणवत होता आणि त्याच्या दोन गटांची संख्याही असमान होती. त्यामुळे नंतरच्या निष्कर्षांना वगळून केवळ पहिला निष्कर्ष सांगणे ही संशोधनाची अर्धी बाजू लपवण्यासारखे आहे.

याला जोडूनच ओळखीचा प्रश्न येतो. भारतीय ग्रंथांत व लेखांत 'फिलँथस निरुरी' या नावाने ज्या वनस्पतीचा उल्लेख होतो ती प्रत्यक्षात अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस अशा परस्परसदृश जातींपैकी एखादी असते. खरी निरुरी ही अमेरिका खंडातील जात आहे. वाडीत उपटलेली भुईआवळी यांपैकी कोणती, हे पान-फूल-फळ बारकाईने पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. जातीचे नाव निश्चित नसेल, तर मद्रासच्या प्रयोगाचा आधार वसईच्या रोपट्याला देता येणार नाही.

कुटकी व आरोग्यवर्धिनी : मुंबईतील प्रयत्न

या क्षेत्रातील काही उल्लेखनीय चाचण्या आपल्या जवळच, मुंबईत झाल्या. १९८० साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये डॉ. अंतरकर, डॉ. अशोक वैद्य व सहकारी यांनी तीव्र विषाणुजन्य काविळीत आरोग्यवर्धिनीची द्विअंध चाचणी प्रसिद्ध केली. १९९६ साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये कुटकीवरील अभ्यास आला. त्यात हिपॅटायटिस 'बी' नसलेल्या रुग्णांपैकी १५ जणांना कुटकीचे चूर्ण ३७५ मिलिग्रॅम प्रमाणात दिवसातून तीनदा दोन आठवडे व १८ जणांना निरौषध पदार्थ देण्यात आला. बिलिरुबिन सरासरी २.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरण्यास कुटकी गटात सुमारे २७ दिवस, तर दुसऱ्या गटात सुमारे ७६ दिवस लागले.

या अभ्यासांचे मोल मोठे आहे. रोगाचा प्रकार निवडला, तुलनेसाठी गट ठेवला, मात्रा निश्चित केली, मोजता येणारे परिमाण घेतले. परंपरेला प्रश्न कसा विचारावा याचा तो वस्तुपाठ आहे. तथापि ३३ रुग्णांवरून मिळालेले उत्तर हे अंतिम उत्तर नव्हे. ते मोठ्या चाचणीचे निमंत्रण आहे. शिवाय कुटकी ही हिमालयाच्या उंच भागातील वनस्पती असून अतिरिक्त तोडीमुळे १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. आरोग्यवर्धिनीत वजनाने निम्मी कुटकी असली, तरी पारा, गंधक व ताम्रभस्मही असते. म्हणून कुटकीचा पुरावा हा 'झाडपाल्याचा' सर्वसाधारण पुरावा म्हणून वसईच्या कोणत्याही वनस्पतीच्या नावे जमा करता येत नाही. प्रत्येक वनस्पतीला आपला पुरावा आपणच उभा करावा लागतो.

उंदीर आणि माणूस

'विज्ञानाचा दुजोरा' म्हणून जे लेख उद्धृत होतात त्यांपैकी बहुसंख्य लेख प्रयोगशाळेतील उंदरांवरचे असतात. त्यांची पद्धत ठरलेली आहे. उंदरांना काही दिवस अर्क पाजला जातो, नंतर कार्बन टेट्राक्लोराइड किंवा अतिरिक्त पॅरासिटामॉल देऊन यकृताला इजा केली जाते आणि रक्तातील विकरांचे प्रमाण मोजले जाते. ते कमी भरले की वनस्पती 'यकृतरक्षक' ठरते.

येथे तीन आक्षेप संभवतात. पहिला, अर्क इजेच्या आधी दिला जातो. रुग्ण मात्र इजा झाल्यावर येतो. दुसरा, कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसे घातक नसून यकृतातील सायटोक्रोम गटातील विकर त्याचे घातक रूपांतर करते. जो कोणता पदार्थ या विकराला अडवतो तो उंदराला वाचवतो. विषाणूने झालेल्या विकाराशी या यंत्रणेचा संबंध नाही. तिसरा, मद्यार्कातील घट्ट अर्काची उंदराच्या वजनानुसार दिलेली मात्रा आणि पाट्यावर वाटलेल्या पाल्याचा अर्धी वाटी रस यांची तुलना होत नाही. असे प्रयोग निरर्थक नाहीत. पुढील शोधाची दिशा ते दाखवतात. परंतु दिशा दाखवणाऱ्या पाटीला मुक्काम समजणे ही चूक आपल्या लेखनात सातत्याने होते.

'अपाय तर नाही ना?'

वनौषधीच्या समर्थनार्थ अखेरचा युक्तिवाद असा असतो की, उपयोग झाला नाही तरी अपाय होणार नाही. गुळवेलीच्या अलीकडील अनुभवाने या समजुतीला तडा गेला आहे. कोविड-१९ च्या काळात प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला गेला. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ व सहकारी यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे निश्चित केलेले नाही, असा त्यातील एक मुद्दा होता. २०२२ साली देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेकांत स्वयंप्रतिकारक यकृतविकाराची लक्षणे होती. गुळवेलीने सुप्त विकार जागा झाला असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मंत्रालयाचा ओळखीविषयीचा आक्षेप रास्त होता. पण तोच निकष लाभाच्या दाव्यांनाही लावला पाहिजे. अपाय झाला की 'वनस्पती नक्की कोणती?' असे विचारावयाचे आणि गुण आला की तो प्रश्न विसरावयाचा, ही दुहेरी मोजपट्टी झाली. शिवाय उपचाराचा अपाय वनस्पतीतूनच व्हावा असे नाही. तो विलंबातूनही होतो. 'बी' विषाणू आज औषधांनी काबूत ठेवता येतो, 'सी' बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्यांची तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. अशा रुग्णाने रस पिण्यात घालवलेली वर्षे त्याच्या यकृतात व्रण म्हणून साठत जातात. पथ्याचेही असेच. मद्य वर्ज्य करण्याचा वैदूचा आग्रह शंभर टक्के योग्य. पण काविळीत हितकर म्हणून रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस पिणे म्हणजे रोगाच्या उगमाकडेच परत जाणे होय.

आपल्या सर्वेक्षण-लेखांविषयी

ठाणे-पालघरच्या डोंगरांतील वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या वनस्पतिज्ञानाची नोंद करणारे लेख ही महाविद्यालयीन संशोधनाची जमेची बाजू आहे. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक' आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधीसंग्रह' यांसारख्या ग्रंथांनी या प्रकारच्या लेखनाचा पाया घातलेला आहे. परंतु बहुतेक सर्वेक्षणांत वनस्पतीचे नाव, कुल, उपयुक्त भाग व 'उपयोग - कावीळ' एवढीच चौकट भरलेली असते. वैदूने कावीळ कशावरून ओळखली, किती रुग्ण बरे झाले नाहीत, कोणाला त्याने स्वतःच रुग्णालयात पाठवले, हे विचारलेले नसते. अनुभवी वैदू काही रुग्ण नाकारतो. त्याच्या ज्ञानातील हा सर्वांत मौल्यवान भाग असू शकतो आणि तोच आपल्या कोष्टकात मावत नाही.

दुसरी उणीव नैतिक आहे. माहिती देणारा पाड्यावरील वृद्ध लेखात 'स्थानिक माहितगार' म्हणून अनामिक राहतो. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक ज्ञानाची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत व्हावी आणि त्याच्या लाभात समाजाचा वाटा असावा, हे तत्त्व मान्य झाले आहे. महाविद्यालयांनी आपली सर्वेक्षणे या नोंदवह्यांशी जोडणे उचित ठरेल.

परंपरेतून प्रमाणित औषध निघू शकते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले व ते जगभर वापरले गेले. सर्पगंधेचे यश आणि भुईआवळीची अनिश्चितता यांतील एक फरक लक्षणीय आहे. रक्तदाब हा आपोआप महिन्याभरात बरा होणारा विकार नाही, आणि तो प्रत्येक वेळी मोजता येतो. काविळीच्या बाबतीत रोगच बहुधा ओसरत असल्यामुळे तुलनेचा गट व निश्चित निदान यांची गरज कितीतरी अधिक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, यकृतविकारांवरील वनौषधींचा पुरावा एकजिनसी नाही. कुटकीच्या बाजूने लहान पण शिस्तबद्ध चाचणी आहे. भुईआवळीच्या बाबतीत आरंभीची आशा पुढे टिकली नाही. अन्य अनेक वनस्पतींचा आधार उंदरांपुरता आहे. आणि गुळवेलीबाबत सावधगिरीची गरज सिद्ध झाली आहे. या सर्वांना एकाच 'शास्त्रीय दुजोऱ्या'च्या छत्राखाली आणणे परंपरेच्याही हिताचे नाही.

येथील महाविद्यालयांना या कामात मोठे साहाय्य करता येईल. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रत्येक औषधी रोपाचा वाळवलेला नमुना मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालयासारख्या संग्रहाशी ताडून पाहावा. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाजल्या जाणाऱ्या रसाचे विश्लेषण करावे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने वैदूकडे जाणाऱ्या रुग्णांचा, बरे न झालेल्यांसह, मागोवा घ्यावा. आणि या तिघांच्याही प्रश्नावलीत पहिला प्रश्न एकच असावा : ही कावीळ कोणती? गरोदर स्त्री, पुरातून चालून आल्यावर तापलेला व पिवळा पडलेला मजूर, पांढुरका मल होणारा वृद्ध आणि वारंवार डोळे पिवळे होणारे मूल यांना वाटीभर रस देण्यापूर्वी रक्ततपासणीसाठी पाठवणारा वैदू हा परंपरेचा द्रोही ठरत नाही. चरकाने मलाचा रंग पाहून जो भेद केला तोच भेद तो आजच्या साधनांनी करीत असतो.